रांगेतल्या जुन्या घराचं दुकान: भिंतीला हात लावण्याआधी वरचा भार कशावर आहे ते शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर तुम्हाला सांगता येईल. इंग्लंडमधल्या बाथ शहरात, एकाला एक लागून असलेल्या जॉर्जियन, म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकातल्या, घरांच्या रांगेतल्या एका घराचा तळमजला आणि तळघर तुम्ही आणि तुमची बहीण भाडेपट्ट्याने घेताय. सध्या तिथे भेटवस्तूंचं दुकान आहे, वरच्या तीन मजल्यांवर फ्लॅट आहेत. तुम्हाला मराठी पदार्थांचं छोटं उपाहारगृह काढायचंय. त्यासाठी पुढची काच आणि तिच्याखालची बुटकी लाकडी भिंत काढून पूर्ण उघडणारी दारं लावायची, आणि पुढची-मागची खोली एक करायला मधली भिंत काढायची, असा बेत आहे. भिंत वाजवली की पोकळ वाजते, म्हणजे ते नुसतं पार्टिशन आहे, असं कंत्राटदाराचं म्हणणं. दुकानाचा दर्शनी भाग मूळ घराचा नाही, तेव्हा त्याला लिस्टिंगचं, म्हणजे ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत असण्याचं, संरक्षण नाही, असं घरमालकाचं म्हणणं. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की पहिल्या मजल्याच्या खिडकीखालून दुकानाच्या पाटीपर्यंत एक तिरकी भेग गेलीय, 'पण ती जुनीच असणार'.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. शिक्षण पुण्यात झालं आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते. तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. दार, भिंत, परवानगी आणि भेग हे चार वेगळे प्रश्न दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कधीकाळी कोणीतरी या घराची पुढची भिंत खालून कापून तिथे दुकान काढलं. त्या माणसाने वरचे तीन मजले कशावर ठेवले? याचं उत्तर मिळेपर्यंत तुम्ही सही करू नये आणि कंत्राटदाराने हातोडा उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इमारत न बघता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे आधीच सांगते. कड्यांची, म्हणजे जमिनीच्या फळ्या पेलणाऱ्या लाकडी वाशांची दिशा, तुळईचा प्रकार, आधी कोणी काय काढलं, यावर बरंच अवलंबून आहे. पण काय शोधायचं आणि का, ते सांगता येईल.

सुरुवात घरापासून करू. बाथमधली ही घरं बांधली गेली ती राहण्यासाठी. मिल्सम स्ट्रीट घ्या. आज तो बाथच्या मुख्य बाजाररस्त्यांपैकी एक. पण १७६० च्या दशकात तो आखला गेला तेव्हा तिथे पैसेवाल्यांची राहती घरं होती. पुढे खालच्या मजल्यांवर दुकानं आली, आणि १८३१ मध्ये जॉलीज हे कापडाचं मोठं दुकान तिथे थाटलं गेलं, ते पुढे एकामागून एक घरं आतून जोडत पसरत गेलं. याउलट जवळच असलेला 'द कॉरिडॉर' बघा, छताखालची दुकानांची गल्ली. १८२५ साली हेन्री गुडरिजने तो दुकानांसाठीच बांधला. तिथे मोठी काच पहिल्या दिवसापासून हिशोबात धरलेली होती. तुमच्या घरात ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

अशा रांगांची बांधणीची पद्धतही लक्षात घ्या. जमीनमालक किंवा वास्तुविशारद रांगेचा पुढचा चेहरा ठरवून द्यायचा, आणि एकेक प्लॉट वेगवेगळ्या बांधकाम करणाऱ्यांना भाडेपट्ट्याने जायचा. पुढून सगळं एकसारखं, पण मागे प्रत्येकाने आपापल्या ऐपतीने आणि अकलेने घर बांधलेलं. म्हणून 'शेजारच्याने हीच भिंत काढली, त्याला काही झालं नाही' हा पुरावा होत नाही. शेजारच्याचं घर दुसऱ्याच गवंड्याने बांधलेलं असू शकतं.

आता भार. अशा घराची रुंदी साधारण १८ ते २४ फूट, प्रत्येक मजल्यावर पुढे एक आणि मागे एक खोली, जिना एका कडेने. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, आणि त्यांच्यात शेकोट्या आणि धुराडी. धुराड्याच्या शेजारी लाकूड घुसवायचं नाही हे तेव्हाही कळत होतं. त्यामुळे बऱ्याच घरांत मजल्याच्या कड्या पुढून मागे टाकलेल्या सापडतात: एक टोक रस्त्याकडच्या भिंतीवर, दुसरं घराच्या मधल्या आडव्या भिंतीवर, आणि तिथून पुढच्या कड्या मागच्या भिंतीवर. म्हणजे जमिनींचा भार मुख्यतः तीन रेघांवर उतरतो. पुढची, मधली आणि मागची. तुमच्या बेतात या तीनपैकी दोन रेघांना एकाच वेळी हात लावायचाय.

सगळीकडे असंच असतं असं नाही. काही घरांत मोठ्या तुळया एका सामाईक भिंतीवरून दुसऱ्या सामाईक भिंतीवर जातात आणि कड्या त्यांच्यावर बसतात. मग मधल्या भिंतीवर भार कमी येतो. हे न फोडता कळण्याचा एक सोपा मार्ग आहे. पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन जुन्या जमिनीच्या फळ्या बघा. फळ्या नेहमी कड्यांना काटकोनात असतात, आणि खिळ्यांच्या रांगा जिथून जातात तिथे खाली कडी. खिळ्यांची रांग रस्त्याकडून मागे जात असेल तर मी वर सांगितलं ते चित्र तुमच्या घरालाही लागू आहे असं धरून चाला. मात्र वर गालिचा किंवा लॅमिनेट असेल तर खालून बघावं लागेल, त्याकडे येतेच.

पुण्याच्या पेठांमध्ये ज्यांनी वाड्यांची दुकानं होताना पाहिलीत, त्यांचा इथे हमखास एक गैरसमज होतो. वाड्यात लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा असतो. भिंत बऱ्याच ठिकाणी त्या सांगाड्यात भरलेली असते, त्यामुळे रस्त्याकडच्या एखाद्या खणातली भिंत काढून तिथे दुकान काढणं जमून जातं. बाथच्या घरात असा सांगाडा नाही. भिंत हाच सांगाडा. आणि ती पुढची भिंत, घडीव बाथ दगडाची, इतकी सुबक दिसते की ती भरभक्कम आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती दिसते त्यापेक्षा पातळ असते, आणि कित्येकदा बाजूच्या सामाईक भिंतीशी नीट सांधलेलीही नसते. काही घरांच्या दर्शनी भागावर तुम्हाला एस किंवा एक्स आकाराच्या लोखंडी पट्ट्या दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. पुढे कलणारी भिंत मागे धरून ठेवायला आतून ओढलेल्या सळयांची ती बाहेरची टोकं आहेत.

या भिंतीचा खालचा भाग कापून दुकान काढायचं म्हणजे वरच्या भिंतीखाली एक आडवी तुळई घालावी लागते. इथे तिला ब्रेसमर म्हणतात. ती तुळई कशाची आहे आणि कशावर टेकलीय, यात तुमच्या दुकानाचा सगळा इतिहास असतो. सुरुवातीच्या दुकानांना छोट्या छोट्या तावदानांच्या खिडक्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मूळ भिंतीचे दगडी खांब शिल्लक राहायचे. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा अबकारी कर उठला, मोठ्या काचा स्वस्त होत गेल्या, आणि दुकानदारांना अखंड काच हवीशी वाटू लागली. काच जसजशी मोठी झाली तसतसे मधले दगडी खांब गेले, आणि त्यांच्या जागी बिडाचे बारीक खांब आले किंवा काहीच आलं नाही. लाकडी तुळई, मग बिडाचे खांब, मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोखंडी आणि पोलादी गर्डर असा साधारण क्रम आहे, पण एकाच दुकानात तिन्ही पिढ्या एकत्र नांदताना मी पाहिल्यात.

प्रत्येक प्रकाराचं दुखणं वेगळं. बीड दाबाला उत्तम, पण वाकवलं की चेतावणी न देता तुटतं. म्हणून बिडाच्या खांबाला कोणी 'इथे जरा वेल्डिंग करून कंस लावू' म्हणालं तर तिथेच थांबवा. पोलादी गर्डर गंजतो आणि गंज फुगून वरचा दगड उचलतो. लाकडी तुळई मधोमध क्वचित कुजते, ती कुजते टोकाला, जिथे ती ओल्या भिंतीत शिरते. दोन घरांच्या सांध्यावर बऱ्याचदा पन्हळीचा पाइप उतरतो, आणि तुळईचं टोकही तिथेच असतं. पाइप वर्षानुवर्षं गळत राहिला की लाकूड आतून भुसभुशीत होतं आणि बाहेरून पाटीच्या रंगाला एक टवकाही जात नाही. मी पाटीची एक फळी काढून तुळईच्या दोन्ही टोकांना बारीक टोच्याने टोचून बघते. चांगल्या लाकडात टोच्या जेमतेम टोकभर शिरतो आणि काढताना अडतो. कुजक्या लाकडात तो दांड्यापर्यंत जातो, आणि बाहेर येतो तेव्हा त्याला ओलसर तपकिरी भुसा लागलेला असतो.

मग तुमची भेग. खिडकीखालून पाटीपर्यंत तिरकी गेलेली भेग बहुधा तुळई हलल्याचं सांगते. तुळई मधोमध झुकली असेल तर तिच्यावरचा दगड कमानीसारखा दोन्ही आधारांवर रेलतो, आणि भेगा दोन्ही टोकांकडून वर मध्याकडे चढतात. एकच टोक खाली बसलं असेल, म्हणजे तिथलं लाकूड चेपलं किंवा खालचा खांब दबला, तर भेगा एकाच बाजूला आढळतात. तुमच्या वर्णनात एकच भेग आहे, म्हणून मला आधी त्या बाजूच्या टोकाची शंका येते. शंका एवढंच. खिडकीच्या सिलखालचा दगड तडकल्यानेही अशी भेग येते, आणि दगड एकमेकांना धरायला आत बसवलेली जुनी लोखंडी आकडी गंजून फुगल्यानेही येते.

'जुनी भेग' आणि 'थांबलेली भेग' यांत फरक करायला हवा. भेगेच्या आत जुन्या रंगाचे थर किंवा काजळी उतरलेली असेल तर ती जुनी आहे. पण त्याच भेगेच्या एका टोकाला कडा ताज्या, स्वच्छ, धारदार असतील तर ती अजून चालतेय. पहिल्या मजल्यावरच्या दारांकडे बघा. दाराची वरची कड तिरकी तासलेली असेल आणि त्या तासलेल्या कडेवर जुन्या रंगाचे थर असतील, तर जमीन फार पूर्वीच बसली आणि कोणीतरी दार तिला जुळवून घेतलं. ही चांगली खूण आहे. तासलेली कड कोऱ्या लाकडाची असेल किंवा दार आता घासत असेल, तर तुमच्या नवीन दारांच्या आधी त्या भेगेवर मोजपट्टी चिकटवून काही महिने नोंदी ठेवाव्या लागतील. हिवाळा-उन्हाळ्यात भेग थोडी उघडझाप करतेच, म्हणून दोन आठवड्यांच्या नोंदीवर कोणी निष्कर्ष काढला तर मानू नका.

आता त्या 'पोकळ वाजणाऱ्या' भिंतीबद्दल, कारण माझ्या कामात सगळ्यात जास्त नुकसान या एका गैरसमजातून झालेलं मी बघते. या घरांतली मधली भिंत कित्येकदा दगडाची नसतेच. ती लाकडी असते: उभे खांब, वर-खाली आडव्या पट्ट्या, मध्ये तिरकस आधार, आणि दोन्ही बाजूंनी बारीक लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. वाजवली तर अर्थातच पोकळ वाजणार. पण तिच्या पोटातले ते तिरकस आधार तिथे उगाच नाहीत. ते भार गोळा करून दाराच्या बाजूने खाली नेतात, म्हणजे ती भिंत एका उंच तुळईसारखं काम करते. तिच्यावर पहिल्या मजल्याच्या कड्या टेकलेल्या असतात, आणि बरोबर तिच्याच वर पहिल्या मजल्याची मधली भिंत, तिच्या वर दुसऱ्याची. खालची काढली की वरच्या सगळ्या अधांतरी. लगेच काही पडत नाही, हाच धोका आहे. लाकूड हळूहळू झुकतं, सहा महिन्यांनी वरच्या फ्लॅटचं दार अडकायला लागतं, छताच्या नक्षीला तडा जातो, आणि तोपर्यंत तुमच्या फरशा आणि टेबलं लागून गेलेली असतात.

कंत्राटदाराला एवढंच विचारा: वरच्या मजल्यावर याच रेघेवर भिंत आहे का? त्याने वर जाऊन पाहिलं नसेल तर 'नुसतं पार्टिशन' या त्याच्या शब्दाला अर्थ नाही.

आणि ती भिंत अजून मूळ स्थितीत आहे असंही गृहीत धरू नका. अशाच रांगेतल्या एका दुकानात मला बोलावलं होतं. खाली पांढऱ्या टाइल्सचं खोटं छत होतं, कार्यालयात असतं तसं. एक टाइल सरकवून वर बॅटरी मारली तर हातभर वर मूळ छत दिसलं, चुन्याच्या गिलाव्याचं, आणि भिंतीच्या कडेने फिरणारी पानाफुलांची नक्षीपट्टी, म्हणजे कॉर्निस. ती पुढच्या खोलीच्या तीन बाजूंनी सलग होती. चौथ्या बाजूला ती दोन्हीकडून येऊन अचानक कापल्यासारखी संपली होती, आणि मधे छतभर एक वीतभर रुंद खडबडीत पट्टा होता, नक्षी नाही, रंग नाही. तिथे पूर्वी भिंत होती. तिच्या जागी कड्यांखाली दोन फळ्या खिळ्यांनी ठोकून एक तुळई केली होती, आणि तिचं एक टोक शेकोटीच्या पोकळीवरच्या पातळ दगडावर ठेवलं होतं. कोणत्या दशकातलं काम ते कळायला मार्ग नव्हता. खालच्या दुकानदाराला याची काहीच कल्पना नव्हती, त्याच्या डोक्यावर फक्त पांढऱ्या टाइल्स होत्या. तुमच्याकडे खोटं छत असेल तर शिडी घेऊन हे आधी बघा. कॉर्निस कुठून कुठे जाते याचा नकाशा काढला की मूळ खोल्या आपोआप उभ्या राहतात, आणि कुठली भिंत आधीच गेलीय तेही कळतं. कड्यांची दिशाही कधीकधी तिथेच एखाद्या फुटलेल्या भोकातून दिसते.

तुमच्यासारख्या कामात मी सहसा काय सुचवते ते सांगते. मधली भिंत पूर्ण न काढता तिच्यातलं मूळ दार रुंद करायचं. दोन्ही बाजूंना भिंतीचे किमान काही फूट ठेवायचे, वरचा पट्टा ठेवायचा, आणि हिशोब करून एक तुळई आत लपवायची. दोन खोल्या वापरायला एक होतात, भार उतरायला जागा राहते, आणि मूळ घराची रचना वाचता येते. नगरपालिकेचे संवर्धन अधिकारी याच गोष्टीकडे बघतात. पुढे एक खोली, मागे एक खोली ही या घराची ओळख आहे असं ते मानतात, आणि मलाही ते पटतं. मात्र तुळईचं टोक सामाईक भिंतीत घालायचं असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा लागू होतो, आणि शेजाऱ्याला काम सुरू होण्याच्या दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. शेजारी १४ दिवसांत लेखी होकार देत नसेल तर वाद आहे असं कायदा धरून चालतो आणि सर्व्हेअर नेमावे लागतात. त्यामुळे नोटिशीआधी शेजाऱ्याच्या दुकानात जाऊन चहा घ्या.

घरमालकाचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते तुमच्या अंगाशी येऊ शकतं. इमारत लिस्टेड असली की ती सगळी लिस्टेड असते: आतून, बाहेरून, नंतर जोडलेल्या भागांसकट. 'दर्शनी भाग मूळ नाही' ही सबब नाही. उलट एकोणिसाव्या शतकातला दुकानाचा लाकडी दर्शनी भाग हेच कधीकधी त्या इमारतीचं वैशिष्ट्य असतं. तुमची इमारत ग्रेड दोन, म्हणजे यादीतल्या सगळ्यात खालच्या श्रेणीत आहे म्हणून सूट मिळेल असंही समजू नका. इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी दहात नऊ ग्रेड दोनच आहेत, आणि कायदा सगळ्यांना तोच. लिस्टेड इमारतींच्या १९९० च्या कायद्यानुसार इमारतीच्या स्वरूपावर परिणाम होईल असं काम परवानगीविना करणं हा फौजदारी गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा अमर्याद दंड होऊ शकतो. शिवाय मूळ स्थितीत आणण्याच्या नोटिशीला कालमर्यादा नाही, त्यामुळे आधीच्या भाडेकरूने केलेल्या बेकायदा कामाचा त्रास नंतर येणाऱ्यालाही होतो. घरमालकाकडे आधीच्या बदलांच्या परवानग्यांच्या प्रती मागा. नसतील तर ते वकिलाला लेखी कळवा.

तुमच्या दर्शनी भागाचं वय किती त्यावर पुढचं ठरेल. बाजूचे लाकडी अर्धखांब, त्यांच्या माथ्यावरचे कोरीव कंस, वर पाटी आणि पाटीवरची पुढे आलेली कड, खाली बुटकी भिंत, आत घेतलेलं दार, उंबऱ्यावर नक्षीच्या फरशा हे सगळं असेल तर ते जपलंच पाहिजे, आणि ते काढायची परवानगी बहुधा मिळणार नाही. सत्तरच्या दशकातली अॅल्युमिनियमची चौकट असेल तर ती बदलायला संवर्धन अधिकारी खुशीने तयार होतील, पण तरीही परवानगी लागेलच. आणि काहीही असलं तरी ती बुटकी भिंत काढून पूर्ण उघडणारी दारं लावायला मी स्वतः राजी होणार नाही. डाव्या-उजव्या बाजूला ढकलणाऱ्या जोराला तोंड द्यायला या मजल्यावर पुढून फारसं काही उरलेलंच नसतं. पूर्ण मोकळं तोंड केलं की जो थोडाफार ताठपणा होता तोही जातो. रांगेच्या मधल्या घराला शेजारी धरून ठेवतात. तुमचं घर रांगेच्या टोकाला असेल तर तेही नाही. तुम्ही हे लिहिलं नाहीये, पण मधलं की टोकाचं, यावर माझं उत्तर बरंच बदलेल.

उपाहारगृहाचं आता. दुकानाचं उपाहारगृह करायला सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये वापर बदलण्याची वेगळी परवानगी लागत नाही. दुकान, कॅफे, कार्यालय हे सगळे 'क्लास ई' मध्ये येतात. मात्र तुमचं गिऱ्हाईक मुख्यतः वडापाव घेऊन चालू पडणार असेल, बसायला दोनच खुर्च्या असतील, तर ते गरम पदार्थांचं टेकअवे ठरतं, ते या वर्गाबाहेर आहे आणि त्याला नियोजन परवानगी लागते. बसून खाणाऱ्यांवर धंदा आखणं तुमच्या हिताचं.

खरी अडचण धुराची आहे, आणि ती बहुतेकांना शेवटी आठवते. भजी-वडे तळायचे म्हणजे तेलकट वाफ छताच्या वर सोडणारा मोठा पाइप हवा. 'जुनं धुराडं आहेच की' असं सगळे म्हणतात. त्या धुराड्याची आतली पोकळी साधारण नऊ बाय चौदा इंच असते, ती वाकडीतिकडी जाते, आणि तिच्या आतल्या भिंती जुन्या चुन्याच्या असतात. तळणीच्या स्वयंपाकघराला ती पुरत नाही, आणि तेलाचा थर बसला तर आगीचं निमित्तच. मागच्या भिंतीवरून पाइप न्यायला परवानगी कधी मिळते, कधी नाही; मागची बाजू किती दिसते आणि वरच्या फ्लॅटच्या खिडक्या कुठे आहेत यावर ते ठरतं. माझा सल्ला असा की तळण दुसऱ्या ठिकाणच्या स्वयंपाकघरात करून इथे थालीपीठ, मिसळ, साबुदाण्याची खिचडी असे कमी धुराचे पदार्थ ठेवता येतात का ते बघा. पाइपाचा प्रश्न सुटला नाही तर बाकी सगळी कामं व्यर्थ आहेत, म्हणून अर्ज करताना तो आधी.

वरच्या फ्लॅटमुळे आगीपासून संरक्षणही लागतं. दुकान आणि घर यांच्यामध्ये साधारणपणे ६० मिनिटं टिकणारा आडोसा अपेक्षित असतो. त्यासाठी कोणी जुनं छत उखडून प्लास्टरबोर्ड मारायचं म्हणालं तर नाही म्हणा. जुन्या छताच्या वरून, कड्यांच्या मधल्या पोकळीत भरणा घालून हे साधता येतं. काम किचकट, पण कॉर्निस वाचते.

तळघराबद्दल थोडक्यात. बाथच्या बऱ्याच रस्त्यांखाली कमानी आहेत. रस्ता त्यांच्यावर उचललेला आहे, आणि फुटपाथखालच्या कमानींत पूर्वी कोळसा ठेवायचे. तिथे ओल असणारच. सिमेंटचा गिलावा मारून ती दाबू नका. चुनखडीचा दगड आतली ओल पृष्ठभागातून बाहेर टाकतो. सिमेंटने तोंड बंद केलं की पाणी वर चढतं आणि दगड सिमेंटच्या कडेने पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचा गिलावा, हवा खेळती, आणि कोरडी साठवण हवीच असेल तर भिंतीपासून सुटा पडदा घालून मागचं पाणी पंपाकडे नेणारी पद्धत. धान्य आणि पिठं तिथे ठेवू नका.

राहिला भाडेपट्टा. इथले व्यापारी भाडेपट्टे बहुधा पूर्ण दुरुस्ती भाडेकरूवर टाकणारे असतात. तसा करार सही केलात तर ती भेग आणि त्यामागची कुजकी तुळई तुमची झाली. सही करण्याआधी जुन्या इमारतींचा अनुभव असलेला इंजिनिअर नेमा. या देशात 'केअर' नावाची अशा इंजिनिअरांची नोंदणी आहे, त्यातून नाव शोधा. त्याला पाटीमागे आणि खोट्या छताच्या वर बघायची परवानगी घरमालकाकडून घ्या. मग आजच्या अवस्थेचा फोटोंसह अहवाल कराराला जोडा आणि त्याहून चांगल्या स्थितीत परत देण्याची जबाबदारी आमची नाही, असं कलम घाला. लिस्टेड इमारतीच्या अर्जावर निर्णयाची मुदत आठ आठवडे आहे, प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त लागतात. तेव्हा भाडं परवानगी मिळाल्यापासून सुरू व्हावं, आणि नाकारली गेली तर तुम्हाला मोकळं होता यावं, असा करार वकिलाकडून करून घ्या. घरमालक याला तयार नसेल तर दुसरी जागा बघा. बाथमध्ये रिकामी दुकानं आहेत.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: दर्शनी भागाचा रस्त्यापलीकडून सरळ काढलेला फोटो, ज्यात वरचे सगळे मजले येतील; भेगेचा जवळून काढलेला फोटो, शेजारी मोजपट्टी धरून; आणि घर रांगेच्या मध्ये आहे की टोकाला.